गोलियाथ टॅरंटुला : नावात पक्षी, आहारात गांडूळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : जगातील सर्वांत मोठा कोळी म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गोलियाथ पक्षीभक्षक’ टॅरंटुला खरोखर पक्षी खातो का, एवढा मोठा असूनही तो जमिनीतच का राहतो, आणि माणसाला त्याच्यापासून कितपत धोका आहे? बिळात राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांचे संगोपन आणि निरीक्षण मी गेली बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि माझ्या मते या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात, ती म्हणजे सदाहरित जंगलाची ओली जमीन. तिचा विचार केला नाही, तर हा प्राणी केवळ एक अक्राळविक्राळ आकृती उरतो; आणि बहुतेक लेखनात त्याचे चित्र तसेच रंगवलेले असते.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव थेराफोसा ब्लॉन्डी असे आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय यांनी १८०४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, व्हेनेझुएलाचा दक्षिण भाग आणि ब्राझीलचा उत्तर भाग यांना सामावणारा जो प्राचीन खडकांचा प्रदेश आहे, तेथील सखल वर्षावनांत तो राहतो. टॅरंटुलांच्या कुळात आज हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांत वजनाने ही जात सर्वांत पुढे आहे.

पक्षीभक्षक हे नाव ज्या गोष्टीवरून रूढ झाले, ती गोष्ट या जातीची नव्हेच. जर्मन चित्रकार आणि निसर्गनिरीक्षक मारिया सिबिला मेरियन १६९९ ते १७०१ या काळात सुरिनाममध्ये राहिल्या आणि तेथील कीटकांवरचा त्यांचा चित्रग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात पेरूच्या झाडावर एक केसाळ कोळी लहानग्या हमिंगबर्डला पकडून बसलेला दिसतो. चित्रातला कोळी झाडावर राहणाऱ्या वेगळ्या गटातला असावा असे मानले जाते. १७५८ मध्ये स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने अशाच कोळ्याला लॅटिनमधील ‘छोटा पक्षी’ या शब्दावरून नाव दिले. मेरियन यांच्या चित्रावर पुढे दीर्घकाळ अविश्वास दाखवला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज निसर्गनिरीक्षक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ब्राझीलमधील कामेता या गावी झाडाच्या खोडावर एका मोठ्या कोळ्याच्या तावडीत सापडलेले दोन लहान पक्षी प्रत्यक्ष पाहिले आणि तसे लिहून ठेवले, तेव्हा कुठे मेरियन यांच्या म्हणण्याला बळ मिळाले. म्हणजे मोठा कोळी क्वचित पक्षी खाऊ शकतो, हे खरे आहे. परंतु झाडावरच्या कोळ्याची ती कीर्ती जमिनीवरच्या सर्वांत मोठ्या कोळ्याला जाऊन चिकटली, आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

प्रत्यक्षात या कोळ्याच्या आहारात गांडुळांचे स्थान फार मोठे आहे. त्या जंगलांतील गांडुळे लांबीला आणि जाडीला भरपूर असतात, पावसाळी रात्री ती पालापाचोळ्यावर येतात, आणि कोळी बिळाच्या तोंडाशी नेमका त्याच वेळी बसलेला असतो. त्याखेरीज झुरळे, नाकतोडे, भुंगेरे, गोमा, बेडूक हे त्याचे नेहमीचे भक्ष्य; उंदराचे पिल्लू, पाल किंवा लहान साप हे प्रसंगाने मिळणारे. पक्ष्याचे अंडे वा पिल्लू जमिनीवर आयते सापडले तर तो सोडणार नाही, पण त्यासाठी तो झाडावर चढत नाही.

त्याची शिकार जवळून पाहिली की जमिनीशी असलेले त्याचे नाते लगेच ध्यानात येते. आपल्या घरात जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे येतात. टॅरंटुलाचे विषदंत मात्र शेजारी-शेजारी, कुदळीच्या घावासारखे वरून खाली उतरतात. त्यामुळे घाव घालण्यापूर्वी त्याला शरीराचा पुढचा भाग उचलावा लागतो, आणि भक्ष्याच्या खाली काही तरी भक्कम लागते. ते भक्कम आसन जमीन पुरवते. मी संगोपनात ठेवलेल्या मादीसमोर गांडूळ सोडले, की आधी ती निश्चल राहते. मग गांडुळाच्या सरकण्याने पाचोळा हलला की पुढच्या पायांची टोके अलगद टेकवून अंदाज घेते, आणि पुढच्याच क्षणी सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे विषदंत गांडुळाच्या आरपार मातीत रुतलेले दिसतात. त्यानंतर ती ते उचलून धरते आणि सावकाश मळत राहते. तोंडातून पाचकरस सोडून भक्ष्याचा द्रव करायचा आणि तो शोषून घ्यायचा, अशी ही पद्धत असल्याने जेवण कित्येक तास चालते. शेवटी उरतो तो एक लहानसा चोथ्याचा गोळा. बेडूक खाल्ला असेल तर त्यात हाडांचे तुकडे सापडतात.

डोळ्यांचा उपयोग त्याला फारसा होत नाही. आठ डोळे असूनही त्याला उजेड-अंधार आणि जवळची ढोबळ हालचाल यापलीकडे थोडेच दिसते. त्याचे खरे ज्ञानेंद्रिय म्हणजे पायांवरचे अतिसूक्ष्म केस आणि कवचातील बारीक फटी, ज्यांना जमिनीचा आणि हवेचा कंप कळतो. बिळाच्या तोंडाशी पसरलेला रेशमाचा पातळ थर हा त्या पायांचाच विस्तार समजावा.

पृष्ठवंशीय प्राण्यांच्या शिकारीबद्दल एक उदाहरण सांगण्याजोगे आहे, मात्र ते याच जातीचे नाही. २०१६ मध्ये पेरूच्या ॲमेझॉन जंगलात रात्री सर्वेक्षण करणाऱ्या संशोधकांना पॅम्फोबेटियस या नात्यातल्या प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) एक मोठा टॅरंटुला ओपॉसम या उंदराएवढ्या सस्तन प्राण्याला ओढून नेताना दिसला. ती नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. माझ्या मते ती गाजण्याचे कारणच तिची दुर्मिळता आहे. गांडूळ ओढून नेणाऱ्या कोळ्याचे चित्रण कोणी इतक्या उत्साहाने पाहत नाही, आणि म्हणून लोकांच्या मनात अपवाद हाच नियम होऊन बसतो.

आता आकाराविषयी. पूर्ण वाढलेल्या मादीचे शरीर बारा-तेरा सेंटिमीटरपर्यंत लांब असते, आणि पाय पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. वजन १७० ग्रॅमच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. मात्र संगोपनातील माद्या मुबलक खातात आणि कमी हालतात, त्यामुळे जंगलातील मादी सामान्यतः यापेक्षा हलकी असते हे लक्षात ठेवावे. केवळ पायांचा विस्तार मोजला, तर लाओसमधील हेटेरोपोडा मॅक्झिमा हा कोळी तीस सेंटिमीटरपर्यंत जाऊन याला मागे टाकतो. पण तो चपट्या अंगाचा आणि लांबसडक पायांचा, गुहांमध्ये राहणारा आणि वजनाने कितीतरी हलका प्राणी आहे. त्यामुळे ‘सर्वांत मोठा कोणता’ या प्रश्नाचे उत्तर पट्टीने मोजायचे की तराजूने, हे आधी ठरवावे लागते.

हे वजनच त्याला जमिनीशी बांधून ठेवते. कोळ्याच्या पायातील मुख्य सांध्यांना पाय दुमडणारे स्नायू असतात, पण तो सरळ करणारे स्नायू नसतात. पाय ताठ होतो तो शरीरातील रक्तद्रवाच्या दाबाने. ज्या शरीरात सारी हालचाल अशा दाबावर चालते, त्या शरीराचे पोट फुटणे म्हणजे प्राण जाणे होय. मोठ्या टॅरंटुलाचे उदर पातळ कातडीचे आणि भरलेल्या पखालीसारखे असते, आणि हाताएवढ्या उंचीवरून पडूनही ते फाटू शकते. म्हणूनच या कोळ्याला हातावर घेऊन छायाचित्र काढण्याची हौस मला मुळीच मान्य नाही. त्यात माणसाला होणारा त्रास तात्पुरता असतो, पण कोळ्याचा मात्र जीव जातो.

दुसरे बंधन ओलाव्याचे आहे. त्याच्या उदराच्या खालच्या बाजूला, पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक रचलेल्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. त्या पानांमधून प्राणवायू आत येतो, तसे पाणीही बाहेर जाते. वाळवंटी किंवा गवताळ भागातील टॅरंटुला कोरड्या हवेत निभावून नेतात. या जातीला ते जमत नाही, आणि कात टाकण्याच्या काळात तर अजिबात नाही. त्यामुळे त्याचे बीळ दलदलीच्या कडेला, ओढ्याच्या काठच्या मऊ जमिनीत, कुजणाऱ्या ओंडक्याखाली किंवा मोठ्या मुळांच्या पोकळीत आढळते. तो स्वतः खणू शकतो, पण उंदरासारख्या प्राण्याने सोडलेले आयते बीळ मिळाले तर तेच रुंद करून वापरतो. बिळाच्या तोंडाशी रेशमाचे अस्तर असते आणि आत हवा जवळजवळ स्थिर, दमट आणि एकसारख्या तापमानाची राहते. दिवसा तो आतच असतो. अंधार पडल्यावर दाराशी येऊन बसतो आणि बहुधा तिथून हात-दोन हातांपलीकडे जातही नाही. एकच मादी वर्षानुवर्षे त्याच बिळात राहू शकते.

माणसाला असलेल्या धोक्याविषयी बोलताना सगळे विषाकडे बोट दाखवतात. तो मुद्दा मी आधी संपवतो. याच्या विषाने माणूस दगावल्याची नोंद नाही. चावा बसला तर गांधीलमाशीच्या दंशासारखी आग, सूज आणि काही तास ठणका असा त्रास होतो, शिवाय विषदंत मोठे असल्यामुळे जखम खोल असते. ती स्वच्छ धुवावी, आणि ॲलर्जीची लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

त्रास देणारी खरी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्याच्या उदरावरचे केस. अमेरिका खंडांतील पुष्कळ टॅरंटुलांच्या उदरावर दाहक केस असतात आणि संशोधकांनी रचनेनुसार त्यांचे क्रमांकवार प्रकार पाडले आहेत. थेराफोसाचे केस तिसऱ्या प्रकारात मोडतात आणि माणसाच्या त्वचेला सर्वाधिक छळणाऱ्या केसांत त्यांची गणना होते. कोळी डिवचला गेला की पाठ फिरवतो आणि मागचे पाय उदरावर झपाझप घासतो. त्याबरोबर केसांचा ढग हवेत उठतो. ज्याने खाजकुयलीची शेंग अंगाला लावून घेतली आहे, त्याला पुढचे वर्णन करून सांगावे लागणार नाही. मात्र खाजकुयलीचे केस वरवर रुततात, तर हे केस त्वचेत दोन मिलिमीटरपर्यंत शिरू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकच केस ठेवून पाहिला तर कारण कळते. मिलिमीटरभर लांबीचा तो तंतू एका टोकाला सुईसारखा असतो आणि त्याच्या अंगावर मागे वळलेले काटे असतात. त्यामुळे तो आत सरकतो तो सरकतोच, मागे येत नाही. बेट्स यांनीही पहिला मोठा कोळी हाताळताना पुरेशी काळजी घेतली नव्हती आणि त्यानंतर तीन दिवस त्यांना विलक्षण त्रास झाला, असे त्यांनी नमूद केले आहे. मी स्वतः हातमोजे घालूनही मनगटावर दोन आठवडे टिकलेले चट्टे सोसले आहेत. त्वचेचे एक वेळ निभावते. डोळ्यांचे तसे नाही. केस बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरले तर दीर्घकाळ चालणारा दाह निर्माण होतो आणि ते नेत्रतज्ज्ञाकडूनच काढून घ्यावे लागतात. म्हणून या कोळ्याचे घर साफ करताना मी डोळ्यांवर बंद चष्मा लावतो, आणि कोळी शांत बसलेला असला तरी लावतो, कारण आधी झडलेले केस माती आणि रेशमात तसेच पडून राहतात.

केस असे पडून राहतात हा योगायोग नाही, आणि या प्राण्याच्या वर्तनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. मादी अंड्यांची पिशवी विणताना उदरावरचे केस तिच्या रेशमात मिसळते. कात टाकण्यापूर्वी ज्या रेशमी चटईवर ती आडवी होते, त्या चटईतही ती केस पेरते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दाखवले गेले की अशा रेशमातून फोरिड माशीच्या अळ्यांना सहज पार होता येत नाही. या माश्या आकाराने क्षुल्लक दिसतात, पण ओल्या बिळात अंड्यांवर आणि कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्यावर त्या तुटून पडतात. म्हणजे जे शस्त्र आपल्याला केवळ मोठ्या शत्रूसाठी आहे असे वाटते, तेच मिलिमीटरभर लांबीच्या शत्रूविरुद्ध कुंपणासारखे वापरले जाते. ओल्या जमिनीत राहण्याचे जे मोल या कोळ्याला द्यावे लागते, त्याची तजवीजही त्याने अशी स्वतःच्या अंगावरच्या केसांनी केलेली आहे.

केस उडवण्याआधी तो बहुधा आवाजाने सावध करतो. हा फुत्कार चार-पाच मीटरवरूनही ऐकू येतो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जवळ साप आहे असेच वाटते. त्याचा उगम तोंडात नाही. स्पर्शपाद (तोंडाजवळचे पायांसारखे अवयव) आणि पुढचे पाय यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर विशिष्ट केस असतात. ते एकमेकांत अडकतात आणि ओढले की सुटतात, आणि व्हेल्क्रोची पट्टी उचकटताना होतो तसा आवाज येतो. ही यंत्रणा १९९५ मध्ये प्रथम नीट उलगडली गेली. कोळ्याला कान नाहीत. हा इशारा ज्यांना कान आहेत अशा सस्तन शत्रूंसाठी आहे. कोआटी हा नाकाने माती उकरणारा प्राणी त्यांपैकी एक. याशिवाय पेप्सिस गटातील मोठ्या गांधीलमाश्या टॅरंटुलांना दंश करून लुळे करतात, त्यांच्यावर एकच अंडे घालतात आणि बीळ बुजवून टाकतात. अंड्यातून निघालेली अळी जिवंत कोळी खाऊन वाढते.

माणूसही या अन्नसाखळीत आहे. व्हेनेझुएलाच्या ॲमेझॉन भागातील पियारोआ लोक मोठे टॅरंटुला बिळातून काढतात, आगीवर धरून आधी केस जाळून टाकतात आणि मग भाजून खातात. विषदंतांचा उपयोग दात कोरण्यासाठी होतो. केस आधी जाळण्याची ही रीत अनुभवातून आलेली आहे आणि केसांविषयी वर जे लिहिले, ते त्या लोकांना सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होते.

जीवनक्रमाचा वेग संथ आहे. मादी प्रौढ व्हायला तीन ते सहा वर्षे घेते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. नर मात्र प्रौढ झाल्यावर कात टाकणे थांबवतो, बीळ सोडतो, खाणे कमी करतो आणि मादीच्या शोधात रात्रीमागून रात्री चालत राहून काही महिन्यांत संपतो. मादीच्या दारी आल्यावर तो पायांनी जमिनीवर विशिष्ट ठेका धरतो; मादीने तो ओळखला नाही तर नर तिचे भक्ष्य ठरतो. अंडी साधारण पन्नास ते दोनशे. ब्राझीलच्या लासिओडोरा पाराहिबाना या जवळपास तेवढ्याच मोठ्या जातीची मादी हजाराहून अधिक अंडी घालते, हे पाहता ही संख्या फार थोडी आहे. मात्र थेराफोसाची पिल्ले जन्मतःच ठसठशीत मोठी असतात. थोडी पण मोठी पिल्ले, हा या जातीचा मार्ग. आणि त्यामुळेच एखाद्या भागातील प्रौढ माद्या काढून नेल्या तर ती जागा भरून यायला बराच काळ लागतो.

प्रौढ मादी आयुष्यभर कात टाकत राहते आणि ती प्रक्रिया पाहताना नवखा माणूस हमखास फसतो. कोळी पाठीवर उताणा पडलेला असतो, पाय अर्धवट दुमडलेले, तासन्‌तास हालचाल नाही. मेला असे समजून लोक त्याला हलवतात आणि त्या हलवण्यानेच तो मरतो. वस्तुतः मरणारा कोळी उताणा पडत नाही. रक्तद्रवाचा दाब जाऊन त्याचे पाय पोटाखाली आवळले जातात. कात टाकून बाहेर आलेल्या मादीचे विषदंत आधी पांढरे, मग तांबूस आणि काही दिवसांनी काळे होतात. ते काळे होईपर्यंत तिला अन्न देऊ नये. जुन्या कातीबरोबर शुक्राणू साठवण्याच्या पिशवीचे अस्तरही निघून जाते, म्हणून कात टाकल्यावर मादीला पुन्हा नर भेटावा लागतो. तुटलेला पाय मात्र पुढच्या एक-दोन कातींमध्ये परत येतो.

शेवटी ओळखीविषयी, कारण जुन्या नोंदी वाचताना येथे गोंधळ होतो. थेराफोसा प्रजातीत आज तीन जाती मानल्या जातात : ब्लॉन्डी, व्हेनेझुएला व कोलंबियातील अपोफिसिस, आणि गयाना व ब्राझीलमधून २०१० मध्ये स्वतंत्र म्हणून वर्णिलेली स्टिर्मी. त्याआधी स्टिर्मी सर्रास ब्लॉन्डी म्हणून विकली आणि लिहिली जात होती. त्यामुळे २०१० पूर्वीचे मोजमाप किंवा संगोपनाचा अनुभव वाचताना तो नेमका कोणत्या जातीचा, ही शंका मनात ठेवावी. फरक पाहायचा तर पायाच्या गुडघ्याची खालची बाजू पाहावी. ब्लॉन्डीला तेथे लांब केसांची दाट झालर असते, स्टिर्मीचा तोच भाग उघडा दिसतो. टाकलेली कात पाण्यात भिजवून मऊ केली आणि पाय पसरून भिंगाखाली धरला, तर कोळ्याला हात न लावता हे तपासता येते. आपल्याकडे कात किंवा स्पष्ट छायाचित्र असेल तर याच खुणेपासून सुरुवात करावी, म्हणजे आकार आणि आहाराच्या नोंदी योग्य जातीच्या नावावर लागतील.